कानावरची कमान : स्वस्त गेमिंग हेडसेट निवडण्याआधी वाचावा असा दीडशे वर्षांचा इतिहास

#धागा

१.
दीड-दोन हजार रुपये हाती घेऊन गेमिंग हेडसेट घ्यायला निघालेल्या तरुणासमोर आज जी खोकी मांडली जातात, त्यांवर चार शब्द हमखास असतात : ‘७.१ सराउंड’, ‘५० मिमी ड्रायव्हर’, ‘नॉइज कॅन्सलेशन’ आणि ‘आरजीबी’. यांपैकी कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी नाही, हे खोक्यावरून कळत नाही. इतिहासावरून मात्र बऱ्याच अंशी कळते. डोक्यावरची कमान, दोन कानांवरचे दोन इअरकप, तोंडाजवळचा माइक, मऊ गादी, एवढेच काय, तारेच्या टोकाची पिनसुद्धा कोणाच्या तरी कामाच्या निकडीतून जन्माला आली आहे. ती निकड समजली की आपल्या खरेदीचा क्रम आपोआप लागतो. मित्रहो, आजच्या धाग्यात हाच प्रवास पाहू.

२.
प्रारंभ होतो दूरध्वनी केंद्रात. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक दूरध्वनी केंद्र सुरू झाले. आरंभी तेथे तारा जोडण्याचे काम तारखात्यातून आलेली पोरसवदा मुले करीत. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, थट्टामस्करी करीत, अशा तक्रारी वाढल्या. अखेर १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही तरुणी कामावर रुजू झाली. जगातील पहिली स्त्री दूरध्वनी-ऑपरेटर म्हणून तिची नोंद आहे. तिच्यापाठोपाठ हजारो तरुणी या व्यवसायात आल्या. आज आपण ज्याला हेडसेट म्हणतो, ते उपकरण मुळात यांच्या हातांना मोकळीक मिळावी म्हणून घडले.

३.
स्विचबोर्डवर बसलेल्या ऑपरेटरला एकाच वेळी ऐकावे लागे, बोलावे लागे आणि दोन्ही हातांनी तारा जोडाव्या लागत. रिसीव्हर धरायला तिसरा हात कोठून आणायचा? १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड या अमेरिकन संशोधकाने यावर तोडगा काढला. खांद्यावर बसणारा एक सांगाडा, त्यावर कानाशी येणारा रिसीव्हर आणि तोंडासमोर येणारा ध्वनिक्षेपक. हात मोकळे झाले खरे, पण हा कित्येक पौंडांचा भार तासन्‌तास अंगावर वागवायचा होता. १८९१ मध्ये फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए याला अमेरिकेत ज्या पेटंटवर हक्क मिळाला, त्यात सारा भर हलकेपणावर होता. त्याची कानात बसणारी रिसीव्हरची जोडी ५० ग्रॅमच्या आसपास होती, आणि कानाला टोचू नये व बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिला रबराचे आवरण होते.

४.
आपल्याकडेही हे तंत्रज्ञान फार उशिरा आले नाही. १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. पुढे कित्येक दशके या केंद्रांतून, विशेषतः अँग्लो-इंडियन समाजातील, अनेक स्त्रियांनी कानाला रिसीव्हर लावून पाळ्या केल्या. ‘ट्रंक कॉल’ लावून तासभर वाट पाहिलेली पिढी आजही आपल्या घरांत आहे. पलीकडून नंबर विचारणाऱ्या त्या आवाजाच्या डोक्यावर एक कमान होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नसे.
या पर्वाचा धडा सोपा आहे. हेडसेटची पहिली कसोटी आवाज नव्हे, वजन आणि बैठक ही होय. तीन तास खेळल्यावर मान अवघडली, कानाच्या पाळ्या दुखू लागल्या, तर उत्तमातला उत्तम ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतो. वजन खोक्यावर लिहिलेले असते. ते आधी वाचावे.

५.
आता खोक्यावरच्या ‘७.१’कडे वळू. त्यासाठी १८८१ च्या पॅरिसमध्ये जावे लागेल. त्या वर्षी तेथे आंतरराष्ट्रीय वीज प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आडेर या अभियंत्याने ऑपेरा नाट्यगृहाच्या रंगमंचाच्या कडेने ध्वनिक्षेपक मांडले आणि त्यांच्या तारा शहराच्या भुयारी गटारांतून थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तेथे श्रोत्यांना एक नव्हे, दोन रिसीव्हर दिले जात, प्रत्येक कानासाठी एकेक, आणि दोहोंचे ध्वनिक्षेपक रंगमंचाच्या वेगवेगळ्या भागांत असत. श्रोते थक्क झाले. गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला तर ते डोळे मिटूनही कळत होते. लेखक व्हिक्टर ह्यूगो यानेही त्याच वर्षी हा अनुभव घेऊन आपल्या टिपणांत त्याची नोंद केली. पुढे १८९० पासून ‘थिएट्रोफोन’ नावाने ही सेवा पॅरिसमध्ये व्यावसायिक रीतीने चालली, ती १९३२ पर्यंत.

६.
हा चमत्कार कसा घडत होता, याचे शास्त्र काही वर्षांनी स्पष्ट झाले. १९०७ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी मांडले की ध्वनीची दिशा मेंदू मुख्यतः दोन फरकांवरून ओळखतो. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला तो थोडा क्षीणही ऐकू येतो. खालच्या स्वरांत वेळेचा फरक कामी येतो, वरच्या स्वरांत तीव्रतेचा. समोर की मागे, वर की खाली, हे ओळखायला कानाच्या पाळीची वळणे मदत करतात. १९३१ मध्ये इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी पेटंटचा अर्ज केला आणि आजच्या ‘स्टिरिओ’चा पाया घातला गेला.

७.
या इतिहासाचा आपल्या खिशाशी थेट संबंध आहे. माणसाला कान दोनच आहेत. म्हणून हेडसेटमध्ये दोन चांगले, परस्परांशी जुळणारे ड्रायव्हर पुरेसे असतात. स्वस्त हेडसेटवरच्या ‘७.१’चा अर्थ आत आठ कर्णे बसवले आहेत असा नसून, संगणकावरील एक प्रणाली दोनच ड्रायव्हरांतून सभोवतालच्या दिशांचा आभास निर्माण करते, असा असतो. तशी प्रणाली विंडोजमध्ये ‘विंडोज सॉनिक’ या नावाने मोफत मिळते. अनेक गेममध्ये ती मुळातच असते. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये २०१७ साली कानाच्या पाळीचा परिणाम हिशेबात घेणारी अशी सोय आली. दोन प्रणाली एकदम चालू ठेवल्या तर दिशा सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून ‘७.१’ या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. १८८१ च्या श्रोत्यांना दोन रिसीव्हरांत जे कळले, ते आपल्यालाही कळेल.

८.
आता कमानीची गोष्ट. अमेरिकेच्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाचा एक संशोधक राहत असे. त्याने घराच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन घडवले आणि १९१० मध्ये नमुन्यादाखल अमेरिकन नौदलाकडे पाठवले. नौदलाला आधी विश्वास बसेना. पण चाचणी घेतली तेव्हा तोवर वापरात असलेल्या रिसीव्हरांपेक्षा ते कितीतरी संवेदनक्षम निघाले. मागणी आली, तेव्हा बाल्डविनने कळवले की आपण स्वयंपाकघरात काम करतो, एका वेळी थोडेच नग देऊ शकू. नौदलाने बैठक सुधारण्याची सूचना केली. त्यावर त्याने चामड्याने मढवलेल्या दोन तारांची, मागेपुढे सरकवता येणारी कमान बनवली. आज आपण डोक्यावर चढवतो त्या कमानीचे हे ओळखू येण्याजोगे पूर्वरूप आहे.

९.
बाल्डविनच्या हेडफोनची खरी थोरवी म्हणजे क्षीण विद्युत्‌प्रवाहातून ऐकू येईल असा आवाज काढणे. त्या काळी आवाज वाढवणारे ॲम्प्लिफायर सर्रास नव्हते. जहाजावरील बिनतारी यंत्राचा कारकून दूरच्या संदेशाची कुजबुज केवळ कानांच्या जोरावर टिपत असे. पुढे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या सुमारास स्वस्तातला रेडिओ म्हणजे स्फटिकाचा संच. त्याला वीज लागत नसे, म्हणूनच त्याला कर्णाही जोडता येत नसे. हेडफोन लावूनच ऐकावे लागे. असे हेडफोन साधारण दोन हजार ओहमचे असत.
आजही हा आकडा महत्त्वाचा आहे. मोबाइल, लॅपटॉप किंवा कन्सोलच्या रिमोटला थेट जोडायचा हेडसेट १६ ते ६४ ओहमच्या दरम्यान असावा. स्टुडिओसाठीचे २५० ओहमचे हेडफोन स्वस्तात मिळाले तरी ॲम्प्लिफायरविना त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटेल.

१०.
हेडसेट रणांगणावर कसा पोहोचला? पहिल्या महायुद्धात अमेरिकन सेना फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा सेनापती जॉन पर्शिंग यांना लक्षात आले की आघाडीवरील दूरध्वनी जोडण्याचे काम सैनिकांना वेगाने जमत नाही. त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा जाणणाऱ्या स्त्री-ऑपरेटर मागवल्या. १९१८ मध्ये दोनशेहून अधिक तरुणी फ्रान्समध्ये दाखल झाल्या. ‘हॅलो गर्ल्स’ या नावाने त्या ओळखल्या गेल्या. ग्रेस बँकर हिच्या नेतृत्वाखाली त्यांच्यातील काही जणी आघाडीच्या जवळ, तोफांच्या आवाजात काम करीत होत्या. तोफखान्याला आदेश, पायदळाला सूचना, सारे त्यांच्या हातांतून जाई. बँकरला सन्मानपदक मिळाले. पण युद्ध संपल्यावर या स्त्रियांना सैनिक मानायलाच सरकारने नकार दिला. तो दर्जा मिळायला १९७७ साल उजाडले. तोवर त्यांच्यातील बहुतेकींनी जगाचा निरोप घेतला होता.

११.
आज आपण पथकाने खेळताना “डावीकडून येतोय” असे ओरडतो, तेव्हा नकळत त्याच परंपरेत उभे असतो. लढाईत आवाज सुंदर असण्यापेक्षा शब्द नेमका कळणे मोलाचे असते. दूरध्वनी-तंत्राने हे फार पूर्वी ओळखले. सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात माणसाचे बोलणे समजण्याजोगे पोहोचते, आणि जुनी दूरध्वनी यंत्रणा एवढ्यावरच उभी होती. म्हणून ‘स्टुडिओ दर्जाचा माइक’ या शब्दांना भुलू नये. पाहायचे ते हे की माइकचा दांडा वाकवून तोंडाच्या कोपऱ्याजवळ आणता येतो का. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की आपला आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. पंख्याचा आणि रस्त्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. ऑपरेटर स्त्रिया छातीवरच्या ध्वनिक्षेपकाचा कर्णा तोंडाशी आणीत, त्यामागचे कारण हेच.

१२.
कानांना पूर्ण झाकणारा कप विमानाच्या घरघराटात घडला. उघड्या विमानात इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज इतका असे की साधा रिसीव्हर निरुपयोगी ठरे. म्हणून वैमानिकांच्या चामडी शिरस्त्राणातच कर्णे शिवले गेले. दुसऱ्या महायुद्धात तर तोंडासमोरचा माइक टाळून, कंठावर दाबून बसणारा आणि स्वरयंत्राची कंपने टिपणारा माइकही सर्रास वापरात आला. याच सुमारास ध्वनीचा दर्जाही बदलत होता. १९३७ मध्ये जर्मनीत ऑयगेन बायर यांच्या कंपनीने ‘डीटी ४८’ हा हेडफोन आणला. चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला पातळ पडदा, ही त्याची रचना. आजच्या बहुतेक सर्व गेमिंग हेडसेटमधील ‘डायनॅमिक ड्रायव्हर’ याच घराण्यातला. तो ४० मिमीचा की ५० मिमीचा, यावरून दर्जा ठरत नाही. पडदा आणि कप यांची जुळणी किती काळजीपूर्वक केली आहे, यावरून ठरतो.

१३.
युद्धानंतर हेडफोन घरात आला. १९५८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी एका प्रदर्शनात स्वतःपुरते संगीत ऐकण्याचा एक फिरता संच मांडला. लोकांनी संचाकडे दुर्लक्ष केले आणि सोबतच्या स्टिरिओ हेडफोनवर उड्या टाकल्या. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ काढला. त्याच्या कपांची पाठ मोकळी होती आणि गाद्या पिवळ्या फोमच्या होत्या. आवाज मोकळा, पसरलेला वाटे. कान घामेजत नसत.
बंद पाठ की मोकळी पाठ, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मोकळी पाठ दिशेसाठी आणि हवेसाठी उत्तम. पण बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. ज्या घरात एकाच खोलीत टीव्ही, पंखा आणि अभ्यास करणारी धाकटी बहीण आहे, तेथे बंद पाठच बरी. मात्र आपल्या उकाड्यात कृत्रिम चामड्याची गादी घामाने भिजते आणि काही महिन्यांत तिचे पापुद्रे निघू लागतात. कापडी गादी घ्यावी, किंवा निदान गादी बदलता येते का, हे पाहावे.

१४.
‘नॉइज कॅन्सलेशन’चा इतिहास रोचक आहे. एका ध्वनिलहरीवर नेमकी उलटी लहर सोडली तर दोन्ही परस्परांना मिटवतात, ही कल्पना जर्मन संशोधक पाउल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ मध्ये तिला अमेरिकन पेटंट मिळाले. ती प्रत्यक्षात आणण्याइतकी इलेक्ट्रॉनिक्सची प्रगती तेव्हा झालेली नव्हती. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या आवाजाने त्रासलेल्या अमर बोस यांनी प्रवासातच हिशेब मांडायला घेतले. बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते, ही आपल्यासाठी विशेष आठवण. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडले. अकरा वर्षांची ही मेहनत दीड हजार रुपयांच्या खोक्यात तितक्याच दर्जाची मिळेल, अशी अपेक्षा बाळगू नये. स्वस्त हेडसेटवर हा शब्द बहुधा माइकच्या बाबतीत वापरलेला असतो, कानांच्या नव्हे. बारीक अक्षरे वाचावीत.

१५.
वजनाचा जुना प्रश्न पुन्हा १९६१ मध्ये ऐरणीवर आला. विमानातील अवजड हेडसेटना कंटाळलेल्या वैमानिकांसाठी कॅलिफोर्नियात ‘पॅसिफिक प्लँट्रॉनिक्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिने इतका हलका हेडसेट बनवला की तो पुढे अंतराळवीरांच्या शिरस्त्राणातही गेला. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेले शब्द पृथ्वीवर पोहोचले, ते याच कंपनीच्या माइकमधून. एमा नटच्या काळी सुरू झालेला शोध नव्वद वर्षांत चंद्रावर पोहोचला होता. आणि प्रश्न तोच होता, हात मोकळे राहावेत, डोक्याला भार होऊ नये आणि शब्द नीट कळावा.

१६.
आता तारेच्या टोकाकडे पाहा. ऑपरेटर ज्या पितळी पिना भोकांत खुपसून ग्राहक जोडीत, त्यांतूनच पाव इंची पिन आली. आजही विद्युत गिटारला तीच लागते. तिची धाकटी बहीण म्हणजे ३.५ मिमीची पिन, जी ट्रान्झिस्टर रेडिओंबरोबर पसरली आणि १ जुलै १९७९ रोजी विक्रीस आलेल्या सोनीच्या वॉकमनने घराघरांत पोहोचवली.
पिनेवरील काळ्या कड्या मोजाव्यात. दोन कड्या असतील तर ती फक्त दोन कानांसाठी आहे. तीन असतील तर माइकही त्यातच आहे. डेस्कटॉप संगणकाला पुष्कळदा कान आणि माइक यांच्यासाठी वेगवेगळी भोके असतात. तेथे दुभाजक तार लागते. खोक्यात ती नसेल, तर तिची किंमत आधीच हिशेबात धरावी. नाहीतर घरी आल्यावर कळते की ऐकू येते आहे, पण आपले बोलणे कोणालाच पोहोचत नाही.

१७.
खेळांत हेडसेट केव्हा अनिवार्य झाला? १९९९ मध्ये हौशी तरुणांनी घडवलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ आला आणि भिंतीपलीकडच्या पावलांचा आवाज हे शस्त्र बनले. २००२ हे निर्णायक वर्ष. ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन २ साठीच्या ‘सॉकॉम’ या खेळाबरोबर हेडसेटही खोक्यात मिळू लागला. १५ नोव्हेंबर रोजी अमेरिकेत ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू झाले. सुमारे ५० डॉलरच्या संचात वर्षभराची वर्गणी आणि एका कानाचा हेडसेट दिला गेला. सर्वसामान्यांच्या हाती पडलेले हे पहिले ‘बजेट’ गेमिंग हेडसेट म्हणता येतील. गंमत अशी की खेळाचा आवाज अजून टीव्हीतूनच येई. हेडसेट होता तो केवळ बोलण्यासाठी. ऑपरेटरच्या कानावरील एकुलत्या रिसीव्हरशी त्याचे नाते अगदी जवळचे.

१८.
आपल्याकडे हा प्रवास सायबर कॅफेतून झाला. शाळा सुटल्यावर तासाचे पैसे वर्गणीने भरून, शेजारच्या खुर्चीवरील मित्राला ओरडून सूचना देणारी पिढी हेडसेटविना खेळली. मग २०१६ मध्ये मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले, मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला आणि मोबाइलबरोबर मिळालेला इअरफोनच अनेकांचा पहिला गेमिंग हेडसेट ठरला.
येथेच आजची सर्वांत मोठी फसगत दडली आहे : ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा पोहोचू शकतो. पावले ऐकू येईतो शत्रू समोर उभा असतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे माइक सुरू करताच जुन्या धाटणीचे ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर जाते. तेव्हा दोन कानांचा स्टिरिओ संपून दोहोंकडे एकच, दूरध्वनीसारखा आवाज येतो आणि दिशा हरपते. म्हणजे आपण १८८१ च्या पॅरिसहून मागे, १८७८ च्या न्यू हेवनला जातो. कमी पैशांत तार हीच खरी सोबती. बिनतारीच हवा असेल, तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डाँगल असलेला पाहावा.

१९.
आणि आता, ज्यासाठी हा धागा लिहिला ती गोष्ट. या दीडशे वर्षांत हेडसेटचा प्रत्येक भाग बदलला. कान मात्र तेच राहिले. प्रत्येक कानाच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा म्हणजे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलवर आठवड्याला अवघे चार तास उरतात. असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे जगात १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असा इशाराही याच संघटनेने दिला आहे.

२०.
म्हणून चांगली बैठक ही केवळ सुखसोय नव्हे. गादी कानाभोवती नीट बसली नाही की बाहेरचा गोंगाट आत येतो, आणि तो झाकायला आपण आवाज वाढवतो. मर्काडिएने रबराचे आवरण घातले ते याच कारणासाठी. स्वस्त हेडसेटमध्ये धमाके ठळक वाटावेत म्हणून खालचे स्वर फुगवलेले असतात. त्याखाली पावलांचे बारीक आवाज दबतात. मग पुन्हा आवाज वाढवावा लागतो. यावर उपाय पैशांचा नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन खालचे स्वर थोडे उतरवले की पावले कमी आवाजातही ऐकू येतात. आपण बोललेले शेजारच्याला ओरडल्यासारखे वाटत असेल, किंवा खेळ संपल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल, तर तो थांबण्याचा इशारा समजावा.

२१.
सारांश, इतिहासाने लावून दिलेला क्रम असा :
• पहिले पैसे वजन आणि बैठकीला. दुकानात निदान १५ मिनिटे घालून बसा. चश्मा असेल तर चश्म्यासह.
• दुसरे, तोंडाजवळ येणाऱ्या माइकला. मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका.
• तिसरे, दोन जुळणाऱ्या ड्रायव्हरांना. डावी-उजवी बाजू आणि मधला आवाज वेगवेगळा कळतो का, तपासा.
• चौथे, टिकाऊपणाला. गादी आणि तार बदलता येतात का? कमानीच्या सांध्यात धातू आहे की नुसते प्लास्टिक?
• ‘७.१’, ड्रायव्हरचे मिलिमीटर आणि दिवे यांना सर्वांत शेवटी. दिवे तर आपल्याला दिसतही नाहीत; ते डोक्याच्या बाहेरच्या बाजूला असतात.
घरात जुना पण चांगला हेडफोन पडून असेल, तर त्याला एक साधा कॉलर माइक जोडणे हाही काटकसरीचा मार्ग आहे. मात्र घेण्याआधी आपल्या यंत्राला माइकचे वेगळे भोक आहे का, ते पाहावे.

२२.
पुढच्या वेळी खेळायला बसताना कमान डोक्यावर चढवाल, तेव्हा क्षणभर त्या स्त्रियांची आठवण ठेवा. त्यांनी हे ओझे हौसेने नव्हे, पोटासाठी वाहिले. आपल्या हेडसेटचा आजचा हलकेपणा त्यांच्या दुखऱ्या मानांतून आला आहे. युद्धातून परतल्यावर सैनिक म्हणवून घेण्यासाठी त्यांना साठ वर्षे झगडावे लागले. त्यांचे काम ऐकण्याचे होते. त्यांचे म्हणणे मात्र फार उशिरा ऐकले गेले.
आपल्या घरात कोणी टेलिफोन खात्यात किंवा ट्रंक एक्स्चेंजमध्ये काम केले असेल, तर त्यांना त्यांच्या हेडसेटविषयी अवश्य विचारा आणि ती आठवण येथे उत्तरात लिहा. धागा आवडला असेल तर खरेदीला निघालेल्या मित्रापर्यंत पोहोचवा.